आईची भाषा वॉर्डात येऊ द्या

आज नर्सिंगचे प्रमाणपत्र घेणाऱ्या माझ्या मुलींनो, मुलांनो,

तुम्हा सर्वांचे अभिनंदन. पोटाला चिमटा घेऊन तुमची फी भरणाऱ्या घरच्यांचेही अभिनंदन.

मला 'कृपादाने आणि सेवा' हा विषय दिला आहे. करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय तुमच्यापैकी अनेकांनी पाठ केला असेल. त्यात रोग बरे करण्याचे दान आहे, चमत्कारांचे आहे, शिकवण्याचे आहे. त्याच अध्यायात दुसऱ्याला साहाय्य करण्याचे दान आहे आणि भाषांचा अर्थ सांगण्याचेही आहे. पहिल्या दानांवर आपल्या सभांत तासन्‌तास प्रवचने होतात. शेवटच्या दोन दानांवर प्रवचन झालेले मी कधी ऐकले नाही. आमचे दवाखाने मात्र याच दोन दानांवर चालले.

मी नवी सिस्टर होते तेव्हाची गोष्ट सांगते. थंडीचे दिवस होते. वॉर्डात सहा-सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. हातपाय दुखतात म्हणून रडत होता. डॉक्टर दक्षिणेकडचे, मनाने फार चांगले. ते हिंदीत विचारत होते आणि मुलाची आई प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होती. केसपेपरवर 'अंगदुखी' लिहिले गेले. दुपारी फरशी पुसून झाल्यावर आमच्या आयाबाई त्या आईशेजारी खाली बसल्या आणि मावची या आमच्या आदिवासी बोलीत बोलू लागल्या. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. थोड्या वेळाने त्या उठून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, हा वर्षाचा असताना याचे हातपाय सुजले होते. थंड पाण्यात खेळला की दुखणं येतं. याच्या मोठ्या भावालाही असंच व्हायचं, तो तापात गेला." मी ते डॉक्टरांना सांगितले. रक्त तपासले, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार निघाला. मुलाला नेमके औषध मिळाले, आईला काय जपायचे ते कळले. रोग प्रयोगशाळेने पकडला हे खरे. पण रक्त कशासाठी तपासायचे ते एका आयाबाईने सांगितले होते.

दवाखान्याच्या वर्धापनदिनी सत्कार होतात. सर्जनला शाल, देणगीदाराला नारळ. त्या आयाबाई त्या दिवशीही चहाचे कप गोळा करत होत्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा नोंदीत त्यांचे काम 'सफाई' एवढेच होते. हे मला आजही सलते. आमच्या धंद्यात हे सर्रास चालते. सिस्टर रात्रभर जागून पेशंट सांभाळते आणि सकाळच्या राउंडला तिला कोणी काही विचारत नाही. आता तर कंत्राटावर मुली घेतात, अकरा महिन्यांनी पुन्हा अर्ज करायला लावतात आणि वर सेवाभाव शिकवतात. सेवाभाव सांगणाऱ्याने आधी पगार वेळेवर द्यावा. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे, हेही शास्त्रातच आहे.

आणखी एक दुखणे आहे. मी शिकत होते तेव्हा होस्टेलमध्ये मावचीत बोलणाऱ्या मुलीला दंड व्हायचा. पैसे नसले तर भांडी घासावी लागायची. आपली बोली म्हणजे अडाणीपणा, हे आम्हाला असे शिकवले गेले. माझ्या बरोबरच्या कितीतरी जणी हुशार निघाल्या, मोठ्या शहरांत गेल्या. पण आपल्याच गावच्या म्हाताऱ्या बाईशी त्या मराठीत, नाहीतर हिंदीत बोलू लागल्या. आजही केसपेपरवर नाव, वय, गाव, धर्म यांचे रकाने असतात. भाषेचा रकाना नसतो.

आपले नवापूर तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे जातात. तिकडच्या दवाखान्यात गुजराती, इकडे मराठी, डॉक्टरांची हिंदी आणि गोळ्यांच्या पाकिटावर इंग्रजी. ज्या भाषेत दुखते ती कुठेच नाही. परतल्यावर बायका पिशवीतून औषधांच्या रिकाम्या पट्ट्या काढून दाखवत, कारण काय झाले होते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसे.

फेब्रुवारी 2006 तुमच्या आईवडिलांना आठवत असेल. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला. लाखो कोंबड्या मारल्या, पोल्ट्रीवाले बुडाले, तिथल्या मजुरांचा रोजगार गेला. घरोघर पथके फिरत होती, कोणाला ताप आहे का विचारत होती. सगळीकडे एकच उत्तर मिळे, नाही. ताप सांगितला तर उचलून नेतील, अशी भीती होती. आम्ही काही जणी पाड्यांवर गेलो. ओट्यावर बसलो, आधी शेताची, लेकरांची चौकशी केली, ती मावचीत. मग घरातून खोकणारी माणसे बाहेर आली. त्या साथीत माणसांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही, देवाची कृपा. पण उद्या तशी वेळ आली, तर खरे उत्तर कोणाला मिळेल?

माणसाशी त्याच्याच भाषेत बोलावे लागते, हे मोठ्या माणसांनी आधीच ओळखले होते. पंडिता रमाबाईंच्या संस्कृतपुढे कलकत्त्याचे विद्वान नमले. त्याच बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले, ते अडाणी बायकांना कळावे अशा साध्या भाषेत. छपाईचे खिळे तिथल्याच बायका-मुलींनी जुळवले. रमाबाई 1922 साली गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 साली निघाला. विद्वत्ता देवाने कशासाठी दिली, हे त्यांना पुरते समजले होते.

आणि जामखेड. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली त्या दुष्काळी भागात गेले. त्यांनी गावातल्याच बायका निवडून आरोग्य कार्यकर्त्या घडवल्या. त्यांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, बाळांची वजने घेऊ लागल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जामखेडचे खरे यश असे, की डॉक्टरांनी आपले ज्ञान त्या बायकांच्या हाती सोपवले आणि गावाने त्यांचे ऐकले, कारण त्या गावच्याच भाषेत बोलत होत्या.

मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. रोग बरे करण्याच्या दानाचे फलक आता मोठे झाले आहेत. व्यासपीठावर प्रार्थना होते आणि गोळ्या बंद करा असे सांगितले जाते. सिकलसेलची मुले मग तळमळत वॉर्डात येतात, काही येतच नाहीत. प्रार्थना जरूर करा, मीही प्रत्येक ड्युटीआधी केली. पण औषध सोडायला सांगणारा माणूस देवाच्या दानाचा मालक होऊन बसलेला असतो. प्रेषित पेत्राने आपल्याला कारभारी म्हटले आहे. कारभाऱ्याकडे जे असते, ते दुसऱ्याला वाटून देण्यासाठी असते.

तुमच्यापैकी बरेच जण मावची, भिली, कोकणी बोलत मोठे झालात. ही बोली तुम्हाला कोणत्याही कॉलेजने दिलेली नाही आणि तुमच्याशिवाय ती वॉर्डात कोणी आणणार नाही. सुरतेला जा, पुण्याला जा, परदेशी जा, मी अडवणार नाही. पण जमेल त्यांनी इथे राहा. पहिल्या ड्युटीला पहिल्या पेशंटजवळ बसा, त्याला त्याच्या भाषेत विचारा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐका. वॉर्डातल्या आयाबाईला विचारल्याशिवाय केसपेपर पूर्ण झाला असे समजू नका. प्रभू तुम्हाला त्यासाठी बळ देवो.