शिदोरी कोणी बांधली?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद बाईने दहा मिनिटं बोलावं, हा आपला रिवाज. यंदा ती पाळी माझ्याकडे आली. विषय जरा दूरदेशीचा घेतला आहे. पण तो फिरून आपल्याच चुलीपाशी येणार आहे, तेव्हा थोडा धीर धरावा.

हल्ली आपल्याकडची तरुण मुलं पाठीवर एक पिशवी टाकतात आणि परदेश पाहायला निघतात. उतरायची जागा ठरलेली नसते, तिथली भाषा येत नसते, ओळखीचं कोणी नसतं. विचारलं तर म्हणतात, ‘गेल्यावर बघू.’ मग वडीलधारी माणसं म्हणतात, ‘असलं वेड आमच्या काळी नव्हतं बाई!’ पण ते काही खरं नाही. सव्वाशे वर्षांमागे आपल्याच एका मराठी माणसाने हेच केलं आणि त्याची हकिगत ‘निवेदन’ या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवली. धर्मानंद कोसंबी हे त्यांचं नाव.

धर्मानंद 1876 साली गोव्यातल्या सांखवाळला जन्मले. शाळेतलं शिक्षण थोडंच. घरची नारळाची बाग सांभाळायची, एवढंच काम. ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि मनाने घेतलं, की हा धर्म मुळातून शिकायचा. तो कुठे शिकवतात, हेही ठाऊक नव्हतं. 1899 च्या अखेरीस ते घरातून निघाले. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. म्हणजे पुण्याला येणं हेदेखील परमुलखात पाऊल टाकणंच होतं.

पुण्याहून ते मजल दरमजल काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. 1902 मध्ये नेपाळात गेले, की बुद्धाचा धर्म तिथे तरी सापडेल. तिथे मनासारखं काही मिळालं नाही. मग बुद्धगया, कलकत्ता, मद्रास करीत सिलोन गाठलं, ज्याला आज श्रीलंका म्हणतात. तिथली सिंहली भाषा येत नव्हती, गाठीला पैसा नव्हता. पण कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांनी त्यांना ठेवून घेतलं. काशीच्या संस्कृतच्या आधाराने ते पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. आणि हाच माणूस 1910 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाचं काम करायला बोलावणं येऊन गेला!

ही हकिगत ऐकली की आपण म्हणतो, ‘केवढं धाडस! काही तयारी नसताना पोचला की नाही?’ मीही तसंच म्हणत होते. पण मैत्रिणींनो, स्वयंपाकघरात जिचा जन्म गेला, तिला एक प्रश्न सुचतोच: या माणसाला इतकी वर्षं जेवायला कोण घालत होतं?

काशीचं अन्नछत्र आपोआप चालत नाही. कोणी तरी दान देतं, कोणी तरी पहाटे उठून चूल पेटवतं. बौद्ध विहाराचंही तसंच. भिक्षूने दुपारी बाराच्या आत जेवायचं आणि दिलेलं तेवढंच खायचं, असा नियम आहे. ते देतात गावातली गृहस्थ माणसं. म्हणजे त्या परक्या देशात कुणा अनोळखी बायांनी शिजवलेला भात या गोव्याच्या माणसाच्या पात्रात पडत होता. त्याची तयारी नव्हती, त्यांची होती.

आपल्याला हे नवीन नाही. आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगर जिल्ह्यातून पंढरीला जाते. वारकरी खांद्यावर पडशी घेऊन निर्धास्त चालतो, कारण पुढच्या मुक्कामाला पिठलं-भाकरी तयार असणार हे त्याला ठाऊक असतं. ती भाकरी कोण थापतं, हे मी इथे सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट. धर्मानंद निघाले तेव्हा घरी त्यांची पत्नी बाळाबाई होत्या आणि माणिक ही तान्ही मुलगी होती. ते घरी परतले 1906 मध्ये, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी. त्यांची विद्या मोठी, त्यांना माझा नमस्कार आहे. पण ‘गेल्यावर बघू’ असं त्यांना म्हणता आलं, कारण ‘मागचं मी बघते’ असं म्हणणं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं. बाळाबाईंनी ‘निवेदन’ लिहिलं असतं, तर आज मी ते आधी वाचलं असतं.

मग बाईमाणसाने जायचंच नाही का? तसं मुळीच नाही. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अवघं अठरा, नवरा बरोबर नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा धक्क्यावर मिसेस कार्पेंटर न्यायला आल्या होत्या. या बाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या गृहिणी. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता एका मासिकात जोशी दांपत्याची हकिगत त्यांच्या वाचनात आली आणि 1880 मध्ये त्यांनी आपण होऊन पत्र लिहिलं. तीन वर्षं पत्रं चालली. पुढे आपल्या लेकीसारखं त्यांनी आनंदीबाईंना घरात ठेवलं. 1886 साली आनंदीबाई फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. आयुष्य थोडं लाभलं, 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पण त्या परमुलखात पोचल्या, त्याला एका घरबशा बाईचं टपाल कारण झालं.

म्हणून मला एवढंच सांगायचं आहे. मुलगा असो की मुलगी, जायचं म्हणेल तर अडवू नका. पण दोघांनाही एकच माप लावा. पारपत्राची एक नक्कल घरी ठेवा. पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता आणि त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा नंबर कागदावर लिहून घ्या, कारण मोबाईल हरवतो, कागद खिशात राहतो. ‘पाणी’, ‘दवाखाना’, ‘मदत करा’ एवढे शब्द तिथल्या भाषेत पाठ करून घ्या. आणि मागे आजारी सासरा किंवा लहान बाळ असेल, तर ते कोण बघणार याची वाटणी निघण्याआधी तोंडावर बोलून करा, गृहीत धरू नका.

दुसरं, आपल्या मंडळाने एक वही घालावी. आपल्या सभासदांचे भाऊ, भाचे, लेकीजावई परदेशात जिथे जिथे आहेत, त्यांचे पत्ते त्यांना विचारून त्यात उतरवावे. कुणाची लेक त्या गावी उतरली, तर एक रात्र निजायला जागा आणि ताटात गरम भात मिळावा. आपल्या गावात कोणी परका पाठीवर पिशवी घेऊन भांबावून उभा दिसला, तर त्यालाही तेच द्यावं.

माणिकची गोष्ट सांगून थांबते. वडील निघून गेले तेव्हा ती तान्ही होती. 1918 साली धर्मानंद पुन्हा अमेरिकेला गेले, तेव्हा माणिक आणि धाकटा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले, आणि ती लेक तिथे कॉलेजात शिकली.

वहीचं पहिलं पान आज सभा संपल्यावर लिहायला घेऊ. ज्यांच्याजवळ पत्ते असतील त्यांनी जरा थांबावं.