धुराऐवजी पाणी



माझं बालपण खोपोलीत, बोरघाटाच्या पायथ्याशी गेलं. अब्बा मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक चालवत. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत घाट चढायची. शिंग्रोबाच्या देवळापाशी इतर ड्रायव्हरांसारखंच अब्बाही नाणं टाकत. घरी आले की अम्मी त्यांचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण कॉलरची काजळी बाकीच्या कपड्यांना लागायची. डिझेलचा वास म्हणजे वडिलांचा वास, असं माझं बरीच वर्षं समीकरण होतं.

मार्च २०२५ मध्ये बातमी वाचली, की केंद्र सरकारने हायड्रोजनवर चालणाऱ्या ३७ बस आणि ट्रकच्या चाचण्यांना मंजुरी दिली आहे, आणि ज्या मार्गांवर त्या धावणार त्यांत पुणे-मुंबईही आहे. त्यांतल्या १५ गाड्या फ्युएल सेलच्या. या गाडीच्या मागून धूर निघत नाही, पाण्याची वाफ निघते. वाचल्यावर मला पहिली आठवली ती अब्बांची कॉलर.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. विज्ञानाशी ओळख दहावीपुरती. पण शब्दाच्या पोटात डोकावायची खोड आहे. हायड्रोजनला आपल्या जुन्या पुस्तकांत ‘उदजन’ म्हणत. उद म्हणजे पाणी. पाण्याला जन्म देणारा तो उदजन. फ्युएल सेलचं सगळं रहस्य या एका शब्दात आहे. (असा शब्द आपण अडगळीत का टाकला, कोण जाणे.)

या घटात हायड्रोजन जाळत नाहीत. मधे एक पातळ पडदा असतो. एस. टी. स्टँडवर एखादं अरुंद फाटक असावं, त्यातून माणूस जाईल पण त्याचं सामान जाणार नाही, सामान हमालाने बाहेरून फिरवून आणावं, तसं इथे होतं. हायड्रोजनचे प्रोटॉन पडद्यातून पार होतात आणि इलेक्ट्रॉनना तारेतून वळसा घालावा लागतो. तो वळसा म्हणजेच वीज. तिच्यावर मोटर चालते. पलीकडे हवेतला प्राणवायू भेटतो आणि पाणी तयार होतं. ही युक्ती १८३९च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह यांनी दाखवली, आणि ते पेशाने वकील होते! पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांना याच घटांनी वीज दिली आणि अंतराळवीरांना प्यायला पाणीही दिलं.

मग साधी बॅटरी का नको? गावातल्या गावात माल पोचवणाऱ्या टेम्पोला बॅटरीच बरी, असं माझं सरळ मत आहे. शंभर युनिट वीज बॅटरीत भरली तर सत्तरेक युनिट चाकापर्यंत पोचतात. त्याच विजेचा हायड्रोजन करून पुन्हा वीज केली तर जेमतेम तीस. पण लांब पल्ल्याच्या जड ट्रकला मोठी बॅटरी म्हणजे कित्येक टन वजन आणि चार्जिंगला उभं राहण्याचा वेळ. ट्रकवाल्याचं पोट वजनावर आणि वेळेवर चालतं. हायड्रोजनची टाकी वजनाला हलकी आणि थोड्या वेळात भरते. मात्र हा वायू एवढा विरळ, की ट्रकच्या टायरातल्या दाबाच्या चाळीसपट दाबाने तो कोंबावा लागतो.

आता खरी मेख. हायड्रोजन आणायचा कुठून? आज आपल्याकडे तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात आणि तेलशुद्धीकरण व खतांसाठी वापरतात. असा एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जड ट्रकला शंभर किलोमीटरला साधारण आठ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे झाले पाऊणशे-ऐंशी किलो. डिझेलचा ट्रक तेवढ्या अंतरात तीसेक लिटर डिझेल पितो आणि तोही ऐंशी किलोच सोडतो. म्हणजे धूर घाटातून उचलला आणि कारखान्याच्या चिमणीत नेऊन ठेवला, एवढंच. पाण्यातून विजेने हायड्रोजन वेगळा करावा, तर किलोला पन्नास-पंचावन्न युनिट लागतात. ती वीज आपल्या आजच्या, बहुतांशी कोळशाच्या जाळ्यातली असेल तर हिशेब डिझेलच्या तिपटीवर जातो! सूर्याची, वाऱ्याची किंवा वाहत्या पाण्याची वीज असेल, तरच या गाडीला काही अर्थ. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेत १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे ती यासाठी.

स्वित्झर्लंडने हे करून पाहिलं. तिथे २०२० मध्ये ह्युंदाईचे फ्युएल सेलचे ट्रक आले. हायड्रोजन केला तो आर नदीवरच्या जलविद्युत केंद्राच्या विजेतून. २०२४ पर्यंत पन्नासच्या आतबाहेर असलेल्या या ट्रकांनी मिळून एक कोटी किलोमीटर कापले. पण तिथे जड डिझेल ट्रकला किलोमीटरमागे जबर कर आहे आणि हे ट्रक त्यातून सुटले होते, हे विसरू नये. उलट अमेरिकेत निकोला ही मोठा गाजावाजा झालेली कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

वाहत्या पाण्याची वीज म्हटलं की मी पुन्हा खोपोलीत येतो. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी नळांतून खाली सोडून आमच्या गावात १९१५ पासून वीज होते. ती मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. डोक्यावरून ते पाणी उतरत होतं आणि शेजारच्या रस्त्याने अब्बा धूर काढत वर चढत होते.

शेजारचा एक मुलगा न्हावाशेवा बंदरातून चाकणला कंटेनर नेतो. मी त्याला हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्याने अब्बांचाच प्रश्न विचारला, “चाचा, किती देते?”

“किलोला बारा किलोमीटर.”

त्याने मोबाइल काढला, आकडे मारले. “म्हणजे किलो सव्वातीनशेच्या वर गेला तर डिझेलच परवडलं.”

हरित हायड्रोजन नुसता तयार करायलाच आज त्याच्या आसपास खर्च येतो. दाबून भरणं, पंपापर्यंत नेणं वेगळं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “आणि चाकणला पंप असला, पनवेलला नसला, तर मी घाटात उभा राहू? त्या तिकडच्यांसारखा आमचा टोल माफ करतील का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्याला बंदराच्या रांगेत नंबर लावायचा होता. आमचं बोलणं होईतो त्याने इंजिन चालूच ठेवलं होतं.