नाडी मोजा, मग वेग ठरवा

गटाच्या बैठकीत चालायला जायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" राबतो हे खरंच. पण भाकरी थापताना, धान्य निवडताना कंबर दुखते, जीव शिणतो. हृदयाचा वेग मात्र फारसा वाढत नाही. शिणणं वेगळं, व्यायाम वेगळा. पाळी गेल्यावर बाईला हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून चाळिशीनंतर हा फरक ओळखायला हवा.

तो नाडी सांगते. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याचेच ठोके लागतात. 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. स्वस्थ बसल्यावर मिनिटाला साधारण 60 ते 100 ठोके पडतात.

आता 220 मधून आपलं वय वजा करा. वय 45 असेल तर उरले 175. ही हृदयाच्या वेगाची अंदाजे कमाल. तिथवर जायचं नाही. त्याच्या निम्म्यापासून 70 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 88 ते 122 ठोके, हा मध्यम व्यायामाचा टप्पा. चालता चालता थांबून लगेच मोजलं तर 15 सेकंदांत 22 ते 30 ठोके भरायला हवेत. त्याच्या वर, 85 टक्क्यांपर्यंत, जोराचा टप्पा. सवय नसताना तिथे उडी नको.

आकडेमोड नको वाटली तर सोपी खूण आहे. चालताना बोलता येतं पण ओवी म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन शब्दांत दम लागला तर वेग कमी करा. असं रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाला. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश.

बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, तेव्हा हा हिशेब लागू पडत नाही. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, दरदरून घाम, चक्कर असं काही झालं तर लगेच थांबा. थांबूनही बरं वाटलं नाही तर 108 ला फोन करा. "पित्त असेल" म्हणून अंगावर काढू नका.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे लिहून झाले की शेजारणीची नाडी मोजा. पैशाचा हिशेब आपण चोख ठेवतो, हाही ठेवूया.