कागदावरचा संघ आणि खेळाडूचा भाव

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीपुढच्या व्याख्यानांत आपण संतवाङ्मय ऐकलं, सीमाप्रश्न ऐकला, मधुमेह आणि म्युच्युअल फंडही ऐकले. कबड्डीपटूंचा भाव कसा करावा, हा विषय मात्र नवा. विषय मी सुचवलेला नाही, मागे उभ्या असलेल्या मंडळींनी सुचवला. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं हा खेळ खेळतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं, हा सट्टा. म्हणून आधी खेळ काय आहे ते सांगतो.

प्रो कबड्डीतले खरे खेळाडू घेऊन प्रत्येकाने कागदावर आपला संघ करायचा. खऱ्या सामन्यात त्या खेळाडूने मिळवलेले गुण आपल्या वहीत जमा. इथवर सगळ्यांना माहीत असतं. आपली मुलं खेळतात त्या प्रकारात हंगाम संपला तरी संघ मोडत नाही. पुढच्या वर्षी तोच संघ, तेच खेळाडू, त्यांच्या वाढत्या वयासकट. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलवर हा प्रकार फार चालतो, त्याला 'डायनेस्टी' म्हणतात. डायनेस्टी म्हणजे घराणं. घराणं एका वर्षात उभं राहत नाही आणि एका चुकीच्या सौद्यात बुडू शकतं, हे इथे बसलेल्या व्यापारी घरांना मी सांगायला नको.

पैशाचं एवढंच सांगतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. आपल्या मुलांच्या वहीत रुपया नाही, आणि तो येऊही देऊ नये. शंभराची नोट मध्ये आली की तो दुसरा खेळ होतो.

आता मुख्य मुद्दा. संघ टिकणारा असल्यामुळे अदलाबदलीला, म्हणजे ट्रेडला, महत्त्व येतं. आणि तिथे नव्वद टक्के पोरं गेल्या हंगामाचे गुण बघून भाव करतात. गेल्या हंगामाचे गुण दुसऱ्याच्या वहीत जमा होऊन गेले. आपण विकत घेतो ते पुढचे तीन-चार हंगाम. निपाणीच्या वखारीत तंबाखूचा बोद फोडून पान हातात घेणारा व्यापारी गेल्या साली कुणाला काय भाव मिळाला ते ऐकून घेतो, पण बोलतो तो पुढे माल कुठे आणि कसा खपेल त्या हिशोबाने.

परदीप नरवालचं उदाहरण घ्या. 2017 च्या हंगामात त्याने चढाईत 369 गुण घेतले. 2019 मध्ये पुन्हा 300 च्या पुढे गेला. 2021 च्या लिलावात यूपी योद्धाने त्याला 1 कोटी 65 लाख दिले, तोवरची सर्वांत मोठी बोली. त्यानंतर 300 चा टप्पा त्याला परत गाठता आला नाही. 2024 मध्ये भाव 70 लाखांवर आला, 2025 च्या लिलावात कुणी बोलीच लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीस! म्हणजे भाव शिखरावर होता तेव्हा खेळ उताराला लागला होता. आपल्या वहीत परदीप असता तर 2021 च्या लिलावाची बातमी आली त्याच संध्याकाळी तो दुसऱ्याला द्यायला हवा होता. एक वर्ष लवकर विकलेला परवडतो, एक वर्ष उशिरा विकलेला नाही.

चढाईपटूचं आयुष्य असं तोकडं असतं. सगळा खेळ गुडघ्यावर, खांद्यावर आणि वेगावर. बचावपटूचं तसं नाही. कोपऱ्यात उभं राहून पकडीची वेळ साधायला डोकं लागतं, ते वयाबरोबर पिकतं. इराणचा फझल अत्राचली बघा. 2023 मध्ये 1 कोटी 60 लाखांचा हा गडी पुढच्याच वर्षी 50 लाखांवर आला, लोकांनी म्हातारा ठरवला, आणि 2025 मध्ये दबंग दिल्लीने करंडक उचलला तेव्हा तो त्या संघात होता. तेव्हा बाविशीचा चढाईपटू जपा आणि तिशीचा कोपरारक्षक स्वस्तात मिळाला तर घ्या. उलट करणारेच जास्त दिसतात, कारण चढाईपटूचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, पकडीचे फारसे नाहीत.

जखमी खेळाडूचं काय? 2022 मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलाइवाजने 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. हंगाम संपला. त्या आठवड्यात कंटाळून त्याला देऊन टाकणारे असतीलच. वर्षभराने तेलुगू टायटन्सने त्याला 2 कोटी 60 लाखांवर बोली लावून नेलं. घाबरलेल्या माणसाकडून घेतलेला माल स्वस्त पडतो, पण वय बघून घ्या.

आणि इथे मला आपल्या शेजारच्या माणसाकडे यायचं आहे.

सिद्धार्थ देसाई. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. चंदगड 1956 पर्यंत आपल्याच बेळगाव जिल्ह्यात होता. नकाशावरची रेघ हलली, माणसांचं येणंजाणं हललं नाही. आजही तिकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावलाच येतात. 2018 मध्ये यू मुंबाने या गड्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात दोनशेहून जास्त गुण, नाव पडलं 'बाहुबली'. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सची 1 कोटी 45 लाखांची बोली, त्या लिलावातली सर्वांत मोठी. पुन्हा दोनशेहून जास्त गुण. मग खांद्याचं दुखणं. 2021 च्या हंगामात मोजकेच सामने. 2022 मध्ये भाव 20 लाख. 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा 1 कोटी मोजले. 2024 मध्ये दिल्लीने 26 लाख.

हा आलेख डोळ्यांपुढे आणा. पवन आणि सिद्धार्थ दोघेही जखमी झाले, पण पवन 1996 चा आणि सिद्धार्थ 1991 चा. पाच वर्षांचा फरक म्हणजे चढाईपटूच्या हिशोबात अर्धं आयुष्य. हिशोबाने सांगायचं तर सिद्धार्थला 2019 च्या बोलीनंतर द्यायचा, 2022 ला विसाच्या भावात परत घ्यायचा, 2023 ला पुन्हा द्यायचा.

पण आपल्याकडे ज्याच्या वहीत तो होता, त्याने तो दिला का? नाही दिला. कुणीच देत नाही. "आपला चंदगडचा हाय, त्याला कसा देऊ?" ही आपुलकी मला कळते. मात्र समोरच्यालाही ती कळते, हे लक्षात ठेवा. तुम्ही सिद्धार्थसाठी दोन पोरं जास्त द्याल हे ओळखून तो भाव सांगतो. आपला माणूस ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण तो ठेवण्यात किती गुण जातात ते वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मग ती हौस होते, फसवणूक होत नाही. आणि त्याचा भाव 20 लाख झाला त्या दिवशी चौकात जे टोमणे ऐकू आले, ते मला आवडले नाहीत. वहीतला भाव खेळाडूचा असतो. हुंदळेवाडीच्या त्या माणसाचा नसतो.

ट्रेड दोघांच्याही फायद्याचा कसा होऊ शकतो, असं एका वहिनींनी मघाशी विचारलं. होतो. तुमचा संघ यंदा जिंकायच्या बेतात असेल तर तुम्हाला आज गुण देणारा तिशीचा गडी हवा. माझा संघ तळाला असेल तर मला तो फुकट आला तरी नको, मला विशीतलं पोरगं हवं, किंवा पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना तुमचा पहिला नंबर हवा. एकाच खेळाडूचे दोन घरांत दोन भाव, म्हणूनच सौदा होतो. वाईट अवस्था मधल्याची: जिंकतही नाही आणि उभारतही नाही, दरवर्षी चौथा-पाचवा.

उभारणी कशी करावी याला खरं उदाहरण पुणेरी पलटणचं. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत, दोघे 2021 मध्ये नवे तरुण खेळाडू म्हणून घेतलेले. त्यांना खेळू दिलं. 2022 मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हरला. तेव्हा कुठे, 2023 च्या लिलावात, त्यांनी थैली सोडली आणि मोहम्मदरेझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना आणलं. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणाला 28-25 हरवून करंडक घेतला, कर्णधार अस्लम. आधी पोरं, मग मोठा भाव. आपल्याकडे पहिल्या वर्षी शादलू घेतात आणि बाकी सहा जागांवर कुणीही.

तरीही एक उलट गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही सगळे पोरंच गोळा कराल. दोन बरे खेळाडू देऊन एक उत्तम मिळत असेल तर घ्या. मैदानात सातच उतरतात. बाकावर बसलेल्याच्या गुणांनी वही भरत नाही. "दोन देतोय, एकच मिळतोय" असं मोजणारा नेहमी हरतो. बोद मोजायचे नसतात, वजन करायचं असतं.

शेवटी व्यवहाराचं. सौदा ठरला की त्याच रात्री दोघांनी वहीत सही करायची आणि बाकीच्यांना कळवायचं. धाकट्या भावाला गोड बोलून त्याचा चांगला गडी काढून घेतला, असं गेल्या वर्षी एका घरात झालं आणि दिवाळीपर्यंत दोघं बोलत नव्हते. म्हणून लहान मुलांच्या सौद्याला तिसऱ्याने हो म्हटल्याशिवाय तो पक्का धरू नये, असा नियम या वर्षी करा. आरतीची वेळ झाली आहे, प्रश्न असतील ते प्रसादाच्या रांगेत विचारा.