डबे तेच, इंजिन नवं
(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, पुण्याहून मनमाडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत ज्यांनी कधी प्रवास केला असेल त्यांना दौंड जंक्शनवरचा तो खोळंबा आठवत असेल. गाडी थांबायची, इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला इंजिन लागायचं. मग गाडी उलट्या तोंडाने निघायची. डबे तेच, माणसं तीच. पुढे कॉर्ड लाइन झाली आणि काही गाड्यांची ही कसरत वाचली. पण आजचा विषय समजायला मला दौंडचं ते दृश्यच फार उपयोगी पडलं.

विषय आहे संगणकावरचे जुने खेळ आणि त्यांना आपोआप जोडले जाणारे जादा डबे. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. तेही मराठी घेऊन. या विषयात मी पडलो तो घरातल्या एका भांडणामुळे. ते पुढे सांगतो. आधी खेळ.

‘डूम’ नावाचा खेळ अमेरिकेत टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी बाजारात आणला. बंदूक घेऊन भुयारांतून हिंडायचं आणि राक्षस मारायचे, एवढाच खेळ. खरं सांगायचं तर मला त्यात फारशी गोडी नाही. मला गोडी वाटली ती त्याच्या रचनेची. खेळ चालवणारा प्रोग्रॅम एका फाइलीत आणि चित्रं, आवाज, भुयारांचे नकाशे दुसऱ्या फाइलीत. या दुसऱ्या फाइलीला म्हणतात ‘वॅड’. म्हणजे पहिलं इंजिन आणि दुसरे डबे. कुणी स्वतःचा नकाशा काढला, राक्षसाचं चित्र बदललं, तर मूळ फाइलीला हात न लावता आपली छोटी वॅड मागे जोडायची. या जोडीलाच ‘मॉड’ म्हणतात. मात्र फुकट वाटलेल्या नमुना-आवृत्तीला असे डबे जोडता येत नसत. जोडायला गेलं की प्रोग्रॅम म्हणायचा, आधी पूर्ण खेळ विकत घ्या.

२३ डिसेंबर १९९७ रोजी कंपनीच्या जॉन कारमॅक यांनी इंजिनाचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सगळ्यांसाठी खुला केला. जगभरच्या हौशी लोकांनी तो घेऊन नव्या संगणकांवर चालणारी इंजिनं बांधली. त्यांना ‘सोर्स पोर्ट’ म्हणतात. जीझेडडूम, चॉकलेट डूम, क्रिस्पी डूम अशी त्यांची नावं आहेत. खेळाची चित्रं-नकाशे मात्र कंपनीच्या मालकीचेच राहिले. ते आजही विकत घ्यावे लागतात.

आता जादा डबा जोडायचा कसा? जुनी पद्धत अशी की खेळ सुरू करताना कमांडमध्ये ‘फाइल’ हा शब्द लिहून पुढे प्रत्येक वॅडचं नाव टाइप करायचं. एक-दोन नावं ठीक आहेत. पण चांगल्या आवाजांची एक फाइल, दुरुस्त चित्रांची दुसरी, संगीताची तिसरी असं झालं की रोज कोण टाइप करणार? म्हणून ‘ऑटोलोड’ आलं.

त्याच्या दोन तऱ्हा आहेत. जीझेडडूममध्ये मांडणीची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात ऑटोलोडचे वेगवेगळे रकाने असतात. एक सर्व खेळांसाठी, एक डूम घराण्यासाठी, एक फक्त ‘डूम टू’साठी. ज्या रकान्यात वॅडचा पत्ता लिहाल त्या खेळाला ती जोडली जाते. क्रिस्पी आणि चॉकलेटची तऱ्हा मला जास्त घरगुती वाटते. तिथे ‘ऑटोलोड’ नावाचा एक फोल्डर असतो आणि त्याच्या पोटात आणखी फोल्डर. ‘डूम-ऑल’मध्ये टाकलेलं डूमच्या सगळ्या खेळांना लागतं, ‘डूम टू’च्या नावाच्या फोल्डरमधलं फक्त त्याला. तिथे लिहायचं काहीच नाही, फाइल उचलून ठेवायची. नावांच्या वर्णक्रमाने त्या जोडल्या जातात आणि दोन फाइलींत एकच वस्तू असेल तर मागून आलेलीचं चालतं. म्हणून जाणकार पोरं नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालतात.

इथे आमच्या घरातलं भांडण येतं. माझा भाचा दौंडला राहतो आणि पुतण्या माझ्याजवळ शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला. दोघंही क्रिस्पी डूम खेळतात. भाच्याने ‘डूम टू’चा पहिला नकाशा अर्ध्या मिनिटाच्या आत पार केला आणि त्याची नोंद पुतण्याला ई-मेलने पाठवली. पुतण्याने ती लावली. पडद्यावर काय दिसावं? दौंडचा वीर दोन गोळ्या झाडून पुढे गेला, भिंतीवर डोकं घासत उभा राहिला आणि समोरच्या झोंबीकडून मेला. पुतण्याने फोनवर त्याला खोटारडा म्हटलं. भाच्याने फोन ठेवला. आठ दिवस बोलणं बंद. माझी बहीण आणि वहिनी यांच्यातही त्याचे सूर लागायला लागले, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं.

भाचा मला म्हणाला, “मामू, मी खोटं पाठवलेलं नाही. त्याच्या ऑटोलोडमध्ये काय आहे तेवढं बघा.”

ही नोंद म्हणजे चित्रफीत नसते. डूमचं काळजाचं ठोकं सेकंदाला ३५. प्रत्येक ठोक्याला खेळणाऱ्याने काय केलं, पुढे गेला, वळला, गोळी झाडली, एवढंच नोंदीत लिहिलेलं असतं. ठोक्याला चार बाइट. अर्ध्या मिनिटाची नोंद जेमतेम चार किलोबाइट. बाकी सगळा खेळ इंजिन पुन्हा नव्याने खेळतं. नशिबाचा भागसुद्धा ठरलेला असतो. २५६ आकड्यांचं एक पक्कं कोष्टक आहे, त्यातले आकडे ओळीने उचलले जातात. म्हणून मूळ माल तोच असेल तर नोंद दरवेळी तशीच उलगडते. पण एखादा झोंबी थोडा जरी जास्त चिवट झाला तरी आकड्यांचा क्रम सरकतो आणि पुढचं सारं गणित कोसळतं.

पुतण्याचा संगणक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. खेळही आधीच्या मालकाने बसवलेलाच त्यात होता. मी चष्मा लावून ‘डूम-ऑल’मधली नावं फोनवर एकेक वाचून दाखवली. आवाजाच्या फाइली, चित्रांच्या फाइली आणि शेवटी एक ‘डेह’ प्रकारची. “हीच,” भाचा म्हणाला. डेह म्हणजे राक्षसांचा जीव, बंदुकीची ताकद असले आकडे बदलणारी फाइल. पुतण्या कित्येक महिने बदललेला खेळ खेळत होता आणि तोच मूळ समजत होता. मग भाच्याने सांगितल्याप्रमाणे कमांडच्या शेवटी आडवी रेघ देऊन ‘नोऑटोलोड’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिला. जोडलेले सगळे डबे सुटले. नोंद पुन्हा लावली. दौंडचा वीर भिंतीला न घासता सरळ दारापर्यंत गेला आणि नकाशा पार झाला.

पुतण्या काही बोलला नाही. त्याने ती नोंद आणखी दोनदा पाहिली.

मराठी वाचकाला ही भानगड ओळखीची वाटेल. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या उतरवताना लोकांनी आपापल्या ओव्या आत घातल्या होत्या. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी भर घालू नये असं बजावलं. पोथीत घुसलेली ओवी ओळखायला एकनाथांसारखा माणूस लागला. इथे मूळ फाइल अंगाला धक्का न लागता शेजारी पडून असते, एका शब्दाने भर बाजूला होते. ही सोय मला फार मोठी वाटते. नव्या माणसाने भर घालावी, जरूर घालावी, पण वाचणाऱ्याला ती कुठे सुरू होते ते कळलं पाहिजे. ऑटोलोड नेमकं तेच झाकतं. तो शब्द टाइप करण्याचा कंटाळा वाचवतो, आणि टाइप करताना आपण काय जोडतोय हे जे दिसत होतं तेही जातं.

आता दोन्ही घरांत व्यवस्था अशी आहे. ‘डूम-ऑल’मध्ये फक्त डोळ्याला आणि कानाला लागणाऱ्या फाइली. आवाज किंवा चित्र बदलल्याने नोंदीचं काही बिघडत नाही. खेळाचे आकडे बदलणारी एकही फाइल तिथे ठेवायची नाही. ती खेळायची हौस आली तर त्या दिवशी नाव टाइप करायचं. आणि एकमेकांना नोंद पाठवायची असेल तर ती ‘नोऑटोलोड’ लावूनच करायची. हा शेवटचा नियम पुतण्याने सुचवला. त्याची पहिली नोंद दौंडला गेली आहे. भाच्यापेक्षा चार सेकंद जास्त लागलेत.