रिकामा शंख टाकीत टाकायचा का?
(कुंडल येथील गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शोभेचे मासे पाळणाऱ्या गटांतून हल्ली एकच प्रश्न येतो. पोरं येरळेच्या, कृष्णेच्या काठावरून गोगलगायीचे रिकामे शंख आणतात आणि काचेच्या टाकीत सोडतात. मासा मेला की बोट त्या शंखाकडं. खरं काय ते बघूया.

शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अंड्याच्या टरफलासारखाच. शंख-शिंपले भाजून चुना करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घरी शंखावर लिंबू पिळून बघा, बुडबुडे येतील. आंबट लागलं की तो विरघळतो. टाकीतही तसंच: पाणी आम्लधर्मी असलं तर शंख हळूहळू विरघळतो, पाण्याचा जडपणा आणि सामू वाढवतो. पावसाचं किंवा फिल्टरचं मऊ पाणी असेल तर हे जाणवतं. पण तुमच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो ना? मग ते आधीच जड आहे, त्यात दोन-चार शंखांनी काही फरक पडत नाही. शिवाय गप्पी, मोली यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्रासारख्यांना मऊ पाणी लागतं, त्यांच्या टाकीत शंख नकोच.

मग मासे मरतात कशानं? बऱ्याचदा शंख रिकामा नसतोच! आत गोगलगाय मेलेली असते, ती कुजते, अमोनिया तयार होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. असं दिसलं की शंख काढा, चौथाई पाणी बदला. क्लोरीन टाकलेलं नळाचं पाणी असेल तर दिवसभर उघडं ठेवून मगच ओता. सगळं पाणी एकदम बदलू नका.

शंख टाकायचाच असेल तर आधी वास घ्या. वास आला की फेकून द्या. नाहीतर उकळा, ब्रशनं घासा. शेतातले शंख मात्र अजिबात नकोत. गोगलगायीसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात, ते विष आहे.

आणि हो, पाण्याला कॅल्शियम हवं म्हणून कुणी पुडी विकायला आलं, तर गटाच्या कर्जाचा पैसा त्यात घालू नका. आधी सामू मोजा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं टाकीचं पाणी एका बाटलीत आणि बोअरचं दुसऱ्या बाटलीत आणा. नावाची चिठ्ठी लावा. पट्टी मी आणते, तिथंच बुडवून बघू.