सूर्यसेवन : बालीतील शैव पुरोहितांची नित्योपासना

इंडोनेशियातील बाली बेटावरचे शैव ब्राह्मण पुरोहित, ज्यांना तेथे ‘पेदंड’ म्हणतात, सकाळी सूर्यसेवन नावाचा तांत्रिक विधी करतात. त्यात प्राणायाम आणि न्यास, म्हणजे मंत्रोच्चारासह शरीराच्या अवयवांवर देवतांची स्थापना, झाल्यावर साधक आपला देह मनोमन जाळून अमृताने पुन्हा घडवतो, स्वतःमध्ये शिवाचे आवाहन करतो आणि घंटेच्या नादात, बोटांत फूल धरून केलेल्या मुद्रांनी, पुढ्यातील पाण्याचे तीर्थ करतो. देवळातील उत्सवापासून अंत्यसंस्कारापर्यंत सर्वत्र तीर्थ लागत असल्याने एकट्याने बसून केलेल्या या योगाचे फळ, आणि हेच त्यात विशेष म्हणावे लागेल, साऱ्या गावाला पोचते. या पुरोहितांचे संस्कृत मंत्र फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी संपादित केले व ते १९३३ मध्ये गायकवाडांच्या बडोद्यातून प्रसिद्ध झाले.